चौदावरून सहावर आली, तरी ती प्रगतीच: ग्रुप क्लासच्या ॲपची आतली गोष्ट

आमच्या व्यायामाच्या ग्रुप क्लासच्या मॅडमकडे एक जाड वही होती. प्रत्येकाच्या नावापुढे तारखा आणि आकडे, आणि त्यातल्या काही आकड्यांखाली एक बारीक रेघ. मी सगळ्यांची प्रगती नोंदवणारं ॲप करायला घेतलं तेव्हा ती वही समोर ठेवूनच बसलो होतो. नाव, तारीख, व्यायाम, आकडा असे चार रकाने केले, सगळा जुना डेटा भरला आणि मोठ्या हौसेने मॅडमना दाखवला. त्यांनी एका मुलीचं नाव उघडलं तर पुशअपच्या ग्राफवर लाल बाण खाली, उणे ५७ टक्के. मॅडम म्हणाल्या, "अहो, ही तर अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त सुधारलेली मुलगी आहे." आदल्या महिन्यात तिने गुडघे टेकवून १४ मारले होते आणि या महिन्यात पहिल्यांदाच गुडघे उचलून पूर्ण ६. रेघ म्हणजे गुडघे टेकलेले. वहीत एका रेघेत मावलेली गोष्ट माझ्या चार रकान्यांत कुठेच नव्हती.

तेव्हापासून मला कुणी विचारलं ना, की क्लाससाठी असं ॲप करायचंय, कोडिंग कशात करू, सर्व्हर कुठला घेऊ, तर मी सांगतो ते नंतर बघ, आधी एक नोंद म्हणजे नक्की काय ते ठरव. जिममध्ये माणूस आपला आपला येतो, ठरलेलं वजन उचलतो, लिहून ठेवतो, त्याच्यासाठी ॲप करणं त्या मानाने सोपं. ग्रुप क्लासमध्ये वीस जण एकाच गाण्यावर एकच व्यायाम करताना दिसतात पण खरं तर वीस वेगळे व्यायाम चाललेले असतात, कुणी उडी मारून बर्पी (खाली हात टेकून पाय मागे टाकायचे आणि परत उठायचं) करतंय, कुणी एकेक पाय मागे नेतंय, कुणाचा गुडघा दुखतोय म्हणून ती खुर्ची धरून स्क्वॉट करतेय. मॅडम तोंडाने एकच काउंट देत असतात आणि हातवाऱ्यांनी ज्याला त्याला वेगळा पर्याय सांगत असतात. ते हातवारे ॲपमध्ये यायला हवेत.

म्हणून डेटाची मांडणी आधी. कल्पना करा की काही वेगवेगळ्या वह्या आहेत. एकीत फक्त माणसं. दुसरीत बॅचेस, म्हणजे सकाळची, संध्याकाळची. तिसरीत प्रत्यक्ष झालेले तास, कुठल्या तारखेला कुठल्या बॅचचा तास झाला, किती मिनिटं चालला, कुणी घेतला. चौथीत व्यायाम आणि प्रत्येक व्यायामाच्या पायऱ्या. आणि पाचवीत नोंदी, ज्यातली प्रत्येक ओळ बाकीच्या वह्यांकडे बोट दाखवते: ही व्यक्ती, हा तास, हा व्यायाम, ही पायरी, एवढं वजन, इतके रेप्स (म्हणजे किती वेळा केलं) किंवा इतके सेकंद. बॅच आणि तास वेगळे कशाला असं सुरुवातीला वाटतं, पण संध्याकाळचा माणूस एक दिवस सकाळी येतो, एखाद्या दिवशी तास अर्धाच होतो, कधी दुसऱ्या सरांनी घेतलेला असतो, आणि हे सगळं एकाच टेबलात कोंबलेलं असेल तर तीन महिन्यांनी त्या गुंत्यातून काहीही बाहेर काढता येत नाही.

पायऱ्या म्हणजे पुशअपसाठी भिंतीला टेकून, बाकावर हात ठेवून, गुडघे टेकवून, पूर्ण. यांना क्रम द्यायचा, १ ते ४. ग्राफ काढताना पायरी बदलली की रेष तोडायची आणि नवीन पायरीची रेष वरच्या पट्ट्यात चालू करायची, म्हणजे ती मुलगी १४ वरून ६ वर पडलेली दिसत नाही, खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात चढलेली दिसते. इथे एक मोह होतो बघा, की प्रत्येक पायरीला गुण देऊ, एक पूर्ण पुशअप म्हणजे गुडघ्यावरचे दोन, आणि सगळ्यांचा मिळून एकच स्कोअर काढू. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. ते गुणोत्तर प्रत्येकाच्या शरीरात वेगळं असतं, आणि एकदा का असा कृत्रिम स्कोअर स्क्रीनवर आला की लोक त्या स्कोअरसाठी व्यायाम करायला लागतात, सोप्या पायरीवर ढीगभर रेप्स मारून.

वजन घेऊन केलेल्या व्यायामाला मात्र एक बऱ्यापैकी मान्य फॉर्म्युला आहे. एप्ली नावाच्या प्रशिक्षकाचा, १९८५ सालचा: उचललेलं वजन गुणिले (१ अधिक रेप्स भागिले ३०). यातून माणूस जास्तीत जास्त किती वजन एकदाच उचलू शकेल याचा अंदाज येतो. समजा कुणी १० किलोने १० रेप्स मारले, तर उत्तर साधारण १३.३. पुढच्या महिन्यात १२ किलोने ७ च मारले, तर १४.८. रेप्स कमी झाले पण ताकद वाढली, आणि हे नुसते रेप्स बघून कधीच कळलं नसतं. फक्त रेप्स दहा-बाराच्या वर गेले की हा अंदाज ढिला पडतो, कारण तिथे ताकदीपेक्षा दमसास जास्त बोलायला लागतो, त्यामुळे २५ रेप्सच्या सेटला ॲपने हा आकडा दाखवूच नये.

आता पुढचा घोळ. क्लासमध्ये रोज वेगळं काहीतरी असतं, तीच तर मजा आहे, त्यासाठीच लोक येतात. पण मग आजचा आकडा परवाच्या आकड्याशी कसा जोडायचा? नाव सारखं असलं तरी आतला माल सारखा नसतो. तबाता घ्या. इझुमी ताबाता या जपानी संशोधकाच्या १९९६ च्या अभ्यासातून हे नाव आलं, तिथे २० सेकंद जीव तोडून सायकलिंग आणि १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या होत्या, त्यानंतर माणूस पार गळून जायचा. आज क्लासमध्ये तबाता म्हटलं की २०-१० चा टायमर लावलेलं काहीही, सोमवारी माउंटन क्लाइंबर, गुरुवारी लंजेस. दोन्हीकडे तबाता असं लिहून आकडे एका रेषेत जोडले तर ती रेष खोटं बोलते.

यावर उपाय एकच, सरावाचे दिवस आणि चाचणीचे दिवस वेगळे ठेवायचे. रोजच्या तासाला फक्त हजेरी आणि एखादा आकडा. आणि दर चार ते सहा आठवड्यांनी एक ठरलेला चाचणीचा तास, तेच तीन-चार व्यायाम, तोच क्रम, तेवढाच वॉर्मअप, शक्यतो दिवसाची तीच वेळ. ॲपने या तासाला वेगळा शिक्का मारायचा आणि प्रगतीचा ग्राफ फक्त शिक्का असलेल्या तासांवरूनच काढायचा.

चाचणीसाठी काय घ्यावं? ग्रुपला सगळ्यात सोयीची मला स्टेप टेस्ट वाटते. वायएमसीए या संस्थेची तीन मिनिटांची टेस्ट बऱ्याच ठिकाणी वापरतात: १२ इंच उंचीचा स्टेप, मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ९६ ठोक्यांवर, चार ठोक्यांत वर-वर-खाली-खाली, म्हणजे मिनिटाला २४ वेळा चढउतार. तीन मिनिटं झाली की लगेच बसायचं आणि पूर्ण एक मिनिट नाडीचे ठोके मोजायचे. दोन महिन्यांनी त्याच टेस्टला ठोके कमी आले तर हृदयाला तेच काम आता सोपं जातंय. अख्खी बॅच एका तालात एकदम करू शकते, दुसरं कुठलंही यंत्र लागत नाही, आणि वीस जण मान खाली घालून शांतपणे आपापली नाडी मोजतायत हे दृश्यच फार छान असतं. ज्यांना हृदयाचा, बीपीचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही टेस्ट नको, ॲपमध्येही त्या नावापुढे ती बंदच दिसली पाहिजे.

रोजच्या तासासाठी एक आकडा पुरतो असं म्हटलं, तो म्हणजे तास किती अवघड गेला. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी केली होती. सहापासून सुरुवात ऐकायला विचित्र वाटते, पण आकड्याला १० ने गुणलं की साधारण हृदयाचे ठोके यावेत अशी त्यामागची कल्पना होती, ६ म्हणजे निवांत बसलेला, ६० ठोके. नंतर ० ते १० ची सोपी पट्टी आली, ॲपमध्ये तीच घ्यावी. मग कार्ल फॉस्टर या अमेरिकन संशोधकाने मांडलेला अगदी साधा गुणाकार करायचा, मिनिटं गुणिले हा आकडा. ४५ मिनिटांचा तास आणि ६ अवघड, म्हणजे २७० एवढा भार. आठवड्याची बेरीज केली की कोण एकदम जास्त करायला लागलंय, कुणाचा भार अचानक दुप्पट झालाय ते दिसतं, दुखापत व्हायच्या आधी त्या माणसाशी बोलता येतं. एक बारीक गोष्ट, हा प्रश्न तास संपल्या संपल्या विचारायचा नाही. शेवटची दोन मिनिटं जोरात झाली असतील तर माणूस अख्ख्या तासाला ९ देऊन मोकळा होतो. साधारण अर्ध्या तासाने विचारायचा अशी मूळची पद्धत आहे, आणि इथे ॲप वहीपेक्षा खरंच कामाला येतं, तास संपल्यावर ३० मिनिटांनी एक नोटिफिकेशन, एक टॅप, झालं.

हार्ट रेटचं काय, घड्याळ जोडता येणार नाही का, हा प्रश्न येतोच. येतं जोडता. मनगटावरचं घड्याळ हिरवा लाइट कातडीवर टाकतं, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. चालताना, सायकलवर हे बऱ्यापैकी जमतं. पण क्लासमध्ये मनगट वाकतं, केटलबेल (वर कडी असलेलं वजन) घट्ट पकडली की रक्तप्रवाह दबतो, घड्याळ हलतं, आणि आकडा भरकटतो. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत सिग्नल थेट पकडतो म्हणून तो जास्त भरवशाचा, आणि ते तंत्र काही नवीन नाही, फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्येच बिनतारी हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला होता. ग्रुपमध्ये अडचण वेगळीच येते: एका खोलीत वीस पट्टे एकदम सिग्नल पाठवतायत, कुठला कुणाचा? पट्ट्याचा नंबर माणसाच्या नावाला एकदाच बांधून ठेवायचा, आणि पट्टे क्लासच्या मालकीचे असतील, अदलाबदल होत असतील, तर रोज हजेरीच्या वेळीच बांधायचा. हे नीट केलं नाही तर एकाचे ठोके दुसऱ्याच्या खात्यात जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आणि ठोके किती चढलेत ते स्क्रीनवर दाखवणारे ते रंगीत झोन. हिरवा, पिवळा, लाल. ते बहुतेक वेळा हृदयाचे जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, या आकड्यावरून काढलेले असतात. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी सुधारित आकडा दिला, २०८ वजा ०.७ गुणिले वय. ६० वर्षांच्या माणसाला पहिल्याने १६० येतात, दुसऱ्याने १६६. पण दोन्ही सूत्रं सरासरीचीच आहेत, एखाद्या माणसाचा खरा आकडा त्यापेक्षा दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सर्रास आहे. म्हणजे ज्याला स्क्रीन लाल दाखवतंय तो कदाचित मजेत बोलत असेल. म्हणून कुणी किती अवघड गेलं ते सांगितलेलं आणि पट्ट्याने सांगितलेलं यात फरक आला तर मी माणसाचं ऐकतो.

कॅलरी मी ॲपमध्ये ठेवलीच नाही. मागणी सगळ्यात जास्त तिचीच होती. पण २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावर बांधायची सात यंत्रं साठ जणांवर तपासली, त्यातल्या सहा यंत्रांचा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत बरोबर होता, आणि कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात अचूक यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. एवढ्या चुकीचा आकडा मी मोठ्या अक्षरात दाखवला तर त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी आपलं खाणंपिणं ठरवणार, आणि ते मला नको होतं.

मग खरा बदल कुठला आणि नुसतं वरखाली कुठलं? आज प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून राहणं) ६० सेकंद, बुधवारी ५२, शुक्रवारी ६४. झोप कमी झाली, पाणी कमी प्यायलं, शेजारी गप्पा मारणारी मैत्रीण होती, काहीही कारण असू शकतं. सुरुवातीला तीच चाचणी एकाच आठवड्यात दोनदा घ्या. चार दिवसांत कुणी तब्येतीने बदलत नाही, त्यामुळे दोन आकड्यांत जो फरक येतो तो त्या चाचणीचा नैसर्गिक हेलकावा. सगळ्या बॅचचे असे फरक बघितले की साधारण अंदाज येतो, समजा प्लँकला ८ सेकंद. मग ॲपने ८ सेकंदांपर्यंतच्या बदलाला ना हिरवा बाण द्यायचा ना लाल, सरळ "जवळपास तेवढंच" असं लिहायचं. शरीराच्या वजनालाही हेच, ते दिवसभरात किलो-दीड किलो सहज हलतं, म्हणून एका दिवसाचा आकडा न दाखवता सात दिवसांची सरासरी दाखवायची.

सरासरीवरून आठवलं, बॅचची सरासरी हा फार फसवा आकडा आहे आणि क्लास चालवणाऱ्यांना नेमका तोच हवा असतो. पाच जण आहेत, एका मिनिटात स्क्वॉट मारतात २०, २२, २४, ३०, ३४. सरासरी २६. महिनाभर घाम गाळून प्रत्येक जण तीन तीनने सुधारला, सरासरी २९. त्याच आठवड्यात दोन नवीन लोक आले, त्यांचे १० आणि १२. आता सात जणांची सरासरी २४ च्या खाली. क्लासमधल्या प्रत्येकाने प्रगती केलीय आणि ग्राफ खाली गेलाय! उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. कुणीच सुधारलं नाही, पण २० आणि २२ वाले दोघं कंटाळून यायचे बंद झाले, तर उरलेल्या तिघांची सरासरी २९ च्या वर. जे निघून गेले त्यांच्यामुळे क्लास छान चाललाय असं दिसतं. म्हणून प्रत्येकाचा स्वतःच्या पहिल्या चाचणीपासूनचा फरक काढायचा, मग त्या फरकांमधला मधला आकडा घ्यायचा, आणि शेजारीच किती जण आले, किती गेले ते दाखवायचं. गेलेल्यांची संख्या लपवणारा डॅशबोर्ड मी तरी करणार नाही.

लीडरबोर्ड, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतची क्रमवारीची यादी, ठेवावा का? जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो क्योलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनच्या नौकानयन क्लबमधल्या लोकांवर प्रयोग केले होते. दोघांनी मिळून वजन उचलायचं, एक थकला की काम संपलं. त्यात कमी ताकदीचा माणूस एकट्याने जितकं करायचा त्यापेक्षा जोडीत जास्त टिकायचा, आणि दोघांतला फरक मध्यम असेल तेव्हा हा फायदा सगळ्यात जास्त दिसायचा, फार जास्त किंवा फारच कमी फरक असेल तर तो कमी व्हायचा. आता एकाच यादीत पहिला ६० बर्पीवाला आणि विसावी ८ बर्पीवाली ठेवली तर त्या विसावीला काय मिळणार? मी यादी काढून टाकली. त्याऐवजी अख्ख्या बॅचने मिळून आज किती बर्पी केल्या तो एकच मोठा आकडा भिंतीवरच्या स्क्रीनवर येतो, त्यात तिच्या आठही असतात.

आकडे भरणार कोण आणि कधी, हे मात्र हलक्यात घेऊ नका. दोन सेटच्या मध्ये चाळीसएक सेकंद मिळतात, हात घामाने ओले, फोन बॅगेत, आणि श्वास लागलेला. कीबोर्ड उघडायला लागला की तिथेच ॲप मेलं. आमच्याकडे मॅडमच्या टॅबवर नावांच्या मोठ्या चौकोनांची जाळी आहे, चौकोनावर टॅप केलं की मागच्या वेळचीच पायरी आणि आकडा आधीच भरून येतो, फक्त अधिक-वजा करायचं. हजेरी दारातल्या क्यूआर कोडवरून, ती आपली आपण. हजेरीकडे कुणी प्रगती म्हणून बघत नाही पण माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा तोच. लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत, त्यामुळे दोन महिन्यांत कुणाची लय बसली नाही म्हणून त्याला सोडून दिलं असं व्हायला नको.

नेट नसेल तरी नोंद झालीच पाहिजे. म्हणून नोंद आधी टॅबमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये, उदाहरणार्थ एसक्यूलाइटमध्ये, आणि नेट आलं की सर्व्हरवर. प्रत्येक नोंदीचा एकमेव नंबर टॅबवरच तयार करायचा, म्हणजे मध्येच नेट तुटून तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हर ओळखतो की ही आलेलीच आहे. मॅडमनी १२ लिहिले आणि त्या ताईंनी स्वतःच्या फोनवरून १५, तर कुठलाही पुसायचा नाही, दोन्ही ठेवायचे, कुणी लिहिलंय त्यासकट.

आणि ही माहिती शरीराची आहे हे कायम डोक्यात ठेवायचं. वजन, दुखणं, गरोदरपण, औषधं. स्ट्राव्हा या पळणं-सायकलिंग नोंदवणाऱ्या ॲपने लोकांच्या पळण्याच्या वाटांचा एकत्र नकाशा काढला होता, नावं नव्हती त्यात, तरी २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की त्यावरून लष्करी तळ आणि तिथले रस्ते ओळखू येतायत. वीस जणांच्या बॅचमध्ये तर नाव काढून टाकून काहीच उपयोग नाही, वयावरून कोण ते लगेच कळतं. त्यामुळे वजन फक्त ज्याचं त्याला दिसणार, दुखण्याबद्दलची नोंद त्या माणसाला आणि मॅडमना, मोठ्या स्क्रीनवर यातलं काहीच नाही, आणि "माझं सगळं पुसा" म्हटल्यावर बॅकअपमधूनसुद्धा ठरलेल्या मुदतीत जायला हवं.

शेवटचं एक, जे मी वहीतूनच शिकलो. एक काकू आजारपणामुळे तीन महिने आल्या नव्हत्या. परत आल्या तेव्हा ॲपने त्यांना त्यांच्याच जुन्या आकड्यांच्या शेजारी उभं केलं, सगळीकडे लाल बाण, आणि काकू ते बघून गप्प झाल्या. वहीत मॅडमनी काय केलं होतं माहितीये? त्यांच्या नावाचं नवीन पान उघडलं होतं, वर तारीख, पहिली चाचणी, बाकी कोरं. जुनं पान फाडलं नव्हतं, मागे होतंच. आता ॲपमध्ये सहा आठवड्यांपेक्षा मोठा खंड पडला की तेच होतं, पुढच्या तासाला विचारलं जातं, नवीन पान सुरू करू का? हो म्हटलं की तुलना तिथून पुढे. काकूंनी हो म्हटलं. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून १० पुशअप, आणि शेजारी बाण नाही, नुसती तारीख.